सात नंबरच्या खड्ड्यातला सोमवार

१

मंगळवारी सकाळी न्यालेनमावशीने दोर घ्यायला हात वर केला, तर खुंटी रिकामी.

मावशीने चुलीमागे पाहिलं, बाजेखाली पाहिलं, मग सारानकडे पाहिलं. सारान दात घासायची काडी तोंडात धरून दारात उभी होती. वय सोळा, शहरातल्या शाळेत अकरावीला, सुट्टी लागली की मावशीकडे खड्ड्यातून माती वर काढायचा दोर ओढायला हजर. हात कोवळे होते, पण जीभ जन्मापासून तयार.

"माझ्याकडे काय बघतेस?" सारान म्हणाली. "मी काय दोर खाल्ला?"

मावशी हसली नाही. सारानने काडी तोंडातून काढली.

कोलेनकोरोच्या सोन्याच्या माळावर रविवारी संध्याकाळी दोर खुंटीला चढतो आणि मंगळवारी उजाडल्यावर उतरतो. मधला सोमवार जिन्नांचा. सोनं त्यांचं, माणसं फक्त सहा दिवसांची पाहुणी. सोमवारी माळावर पाऊल टाकणाऱ्याला एक बोकड दंड, वर चारचौघांत माफी. म्हणून त्या दिवशी अख्खी वस्ती खालच्या गावात असते. लग्नं, कपडे धुणं, फुटबॉल, जे काय असेल ते. आदल्या दिवशी, सोमवारी, मावशी आणि सारानही लग्नालाच गेल्या होत्या. झोपडीला कडी होती, कुलूप नव्हतं. दोर कोण चोरणार?

दोर सात नंबरच्या खड्ड्यावर सापडला. तोंडावरच्या ओंडक्याला बांधलेला, दुसरं टोक खाली अंधारात. खड्डा सोळा माणूस खोल. मावशीने आरशाने ऊन खाली पाडलं. उजेडाचा ठिपका भिंतीवरून घसरत तळाशी गेला आणि एका पायावर थांबला.

सियाका कोंदे धावत आला. सात नंबरच्या टोळीचा तो म्होरक्या. त्याने चपला काढल्या, भिंतीतल्या पावट्यांमध्ये, पाय टेकायला कोरलेल्या खाचांमध्ये, बोटं रुतवली आणि खाली उतरला. थोड्या वेळाने दोर तीनदा हलला. सहा बायकांनी ओढला. रोज मातीची पाटी यायची तिथून बाल्ला त्राओरे वर आला.

डोकं फुटलेलं. अंगावर सणाचा निळा झगा. पायांत पट्ट्याच्या प्लास्टिकच्या चपला, दोन्हींचे बक्कल लावलेले.

बाल्ला तीन आठवड्यांपूर्वी नदीपलीकडून आला होता. कुदळ बेताची, पण हसणं असं की पाच नंबरवरून सात नंबरला ऐकू यावं. आडनाव एकच म्हणून सारान त्याला काका म्हणायची.

"सोमवारी उतरला," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. "आणि एकटा कसा उतरेल? वर दोरावर कुणीतरी असणारच."

सगळ्यांच्या माना हळूहळू मावशीकडे वळल्या.

२

माळाच्या राखणदारांचा म्हातारा प्रमुख बाकारी दुंबूया गवती छपराखाली बसला. माळावर त्याचा शब्द शेवटचा. सरकारी माणसं लांब असतात आणि उशिरा येतात.

"न्यालेन, रविवारी तुझं आणि बाल्लाचं काय झालं?"

"तो माझ्या दोरावरून ओलांडून गेला. पुरुषाने दोर ओलांडू नये. मी ओरडले."

"काय ओरडलीस?"

मावशीने नजर खाली वळवली. मग म्हणाली, "म्हटलं, खड्डा गिळेल तुला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"दोर तुझा," बाकारी म्हणाला. "शाप तुझा. मी घाई करत नाही. शुक्रवारच्या नमाजानंतर सांगेन. पण त्याआधी कुणी दुसरं काही दाखवलं नाही, तर तुला माळ सोडावा लागेल, आणि दोर बायकांच्या हातात राहणार नाही."

सोन्याचा व्यापारी लांसिने काबा लगेच खाकरला. "बाबा, मी कधीचा सांगतोय. दोर ओढायची मोटार बसवा. मोटार शाप देत नाही."

सारानला वाटलं त्याच्या तोंडात माती कोंबावी. एकवीस वर्षं मावशी त्या दोरावर होती. शेती गेली, नवरा गेला, पण 'दोरवाली न्यालेन' म्हटलं की तीन माळांवरची माणसं उठून उभी राहायची. खाली उतरणारे आधी विचारायचे, वर कोण आहे? न्यालेन आहे म्हटलं की निर्धास्त उतरायचे. ते गेलं तर मावशीकडे उरणार काय, नुसते सोललेले तळवे?

दुपारी बाल्लाला पुरलं. त्याचं इथे कुणी नव्हतं. सियाका कोंदेच कबरीच्या काठावर गुडघे टेकून बसला आणि असा रडला की बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. शेवटची मूठमाती त्याने दिली, दुआ म्हणताना त्याचा आवाज फुटला.

"किती हळवा माणूस," मावशीची मैत्रीण म्हणाली. "रोज बाल्ला त्याला थट्टेने चवळीखाऊ म्हणून छळायचा, आणि बघ."

सारानही रडली. पण घरी जाताना तिला सारखं वाटत राहिलं की त्या दफनात काहीतरी कमी होतं. मीठ विसरलेल्या भातासारखं. काय, ते सापडेना.

३

बुधवारी सकाळी ती सात नंबरवर जाऊन बसली. अभ्यासात गणित अडलं की ती एवढंच करायची: जे दिसतंय ते आधी नीट बघायचं.

पहिली गोष्ट, चपला. खड्ड्यात चपला घालून कुणी उतरत नाही. पावट्या चार बोटं रुंद, ओल्या आणि गुळगुळीत. प्लास्टिक घातलं की माणूस तिसऱ्या पावटीला गेलाच. बाल्ला उतरलाच नव्हता. सणाचा झगा घालून, बक्कल लावून तो काठावर उभा होता, आणि काठावरून तो खाली गेला. मग दोराची गरजच काय? दोर नंतर आणून बांधला होता. का, ते सरळ होतं. खुंटी कुणाची हे सगळ्या माळाला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट तिला तिथेच दिसली. खड्ड्याच्या चार बाजूंना चुन्याच्या चार फुल्या. रविवारी त्या नव्हत्या.

लांसिने काबा दुकानात ताजव्यापाशी बसून तिसऱ्यांदा उकळलेला हिरवा चहा पेल्यात ओतत होता.

"या, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "मावशीने पाठवलं का रडायला?"

"नाही, मी फुल्यांबद्दल विचारायला आले. सोमवारी मोटारीचे खांब कुठे रोवायचे ते तुम्ही मोजत होतात."

चहाची धार पेल्याबाहेर गेली.

"कोण म्हणतं?"

"तुमच्या झग्याच्या काठाला अजून चुना आहे, काका. बोकड काय भावाने चाललाय सध्या?"

लांसिनेने दार लोटलं. सारानने उठून ते पुन्हा उघडं केलं आणि ती उंबऱ्यावर बसली. आत एकटं बसायची तिची इच्छा नव्हती.

"ऐक पोरी," तो हळू बोलू लागला. "मी फुल्या मारल्या आणि निघालो. सोमवारी तिथे थांबायचं धाडस माझ्यात नाही. वळून पाहिलं तेव्हा टेकाडापलीकडून दोघं येत होते. एक बाल्ला. त्याचं हसणं काय लपतं? दुसऱ्याचा चेहरा दिसला नाही, त्याने डोक्यावरून फडकं घेतलं होतं. मी वाळूच्या ढिगामागे दबलो. बाल्ला बोलत होता, हसत होता, मांडीवर थाप मारत होता. दुसरा काहीच बोलत नव्हता."

"एक शब्द नाही?"

"एक नाही. बाल्ला एकटाच हसत होता. मग मी पळालो. घरी पोचेपर्यंत वळून पाहिलं नाही."

"हे शुक्रवारी सांगाल?"

"बोकडाचं काही नाही गं," लांसिने म्हणाला. "पण सोमवारी माळावर दिसलेल्या माणसाकडे लोक सोनं आणत नाहीत."

४

बाल्लाबद्दल विचारायला ती सियाका कोंदेकडे गेली, तेव्हा त्याने तिला बसायला स्वतःची चटई दिली, शेंगदाण्याच्या रश्शाचा भात पुढे केला. माळावर त्याच्याइतका सरळ माणूस नव्हता. पाच वर्षांपूर्वी तो सीमेपलीकडच्या माळावरून आला, आणि 'तिनीकोरोचा सियाका कोंदे' एवढं सांगितल्यावर लोकांनी जागा करून दिली होती. ते नाव त्याच्या आधी पोचलं होतं. मातीचा वास घेऊन सोन्याची रेघ सांगतो म्हणे.

"ये गुलाम," तो म्हणाला, "पाणी आणलंस का?"

हे नेहमीचंच. त्राओरे आणि कोंदे यांचं थट्टेचं नातं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्राओरेने कोंदेला चवळीखाऊ म्हणायचं, कोंदेने त्राओरेला गुलाम. भर बाजारात, भर लग्नात. कुणी रागवायचं नाही, कुणी नाही म्हणायचं नाही.

"पाणी कशाला, चवळीखाऊ," सारान म्हणाली. "तुझ्या आजोबांनी आमच्या घरी चवळीच्या रांजणात तोंड घातलं ते अजून निघालं नाही. येऊन घेऊन जा."

सियाकाने तिच्याकडे पाहिलं. घास हातातच राहिला. सारान वाट पाहत होती. याला उत्तर म्हणून तिच्या वर्गातली कुठलीही कोंदे मुलगी सारानच्या सात पिढ्या विकून मोकळी झाली असती.

"ही थट्टेची वेळ नाही, पोरी," तो म्हणाला. "माणूस गेलाय."

सारानने भाताची थाळी खाली ठेवली. कारण त्या क्षणी तिला आठवलं काय कमी होतं ते.

तिचे आजोबा वारले तेव्हा गावातले तीन कोंदे पळत आले होते, आणि सगळ्यांच्या आधी कबरीत उतरून आडवे झाले होते. 'ही जागा आमची. हा म्हातारा ढोंग करतोय, आमचं काम चुकवायला मेलाय. कोंबडी आणा, मग उठतो.' रडणाऱ्या आजीला हसू फुटलं होतं. त्राओरेच्या मरणात कोंदेने रडायचं नसतं. रडायला बाकीचे असतात. ते हसणं झालं नाही तर मेलेल्याला वाट सापडत नाही, हे दुधाच्या दाताच्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि सियाका ओक्साबोक्शी रडला होता. सगळ्यांनी त्याला हळवा म्हटलं. पाच वर्षं त्याच्याकडे दोनच वाक्यं होती, गुलाम आणि पाणी, आणि त्या दोन वाक्यांवर तो कोंदे होऊन राहिला होता.

"शाळेत परत कधी जातेस?" त्याने विचारलं.

"शनिवारी."

"आधी जा." तो तिला वाटेपर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत होतं. "आणि पायाखाली बघून चाल. गवतात जुने खड्डे आहेत. वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही त्यांत."

हे त्याने अगदी प्रेमाने सांगितलं. सारान घरी पोचेपर्यंत धावली नाही, पण एकही पाऊल तिने न बघता टाकलं नाही.

५

खोटं आडनाव म्हणजे खून नव्हे. माळावर निम्मी माणसं कशापासून तरी पळून आलेली. कुणी कर्जातून, कुणी बायकोपासून, कुणी सैन्यातून. बाकारीबाबा हेच म्हणणार. सियाकाने बाल्लाला का मारावं?

गुरुवारी ती बाल्लाच्या झोपडीत गेली. एक चटई, एक किटली, बस्स. मग तिच्या डोक्यात आलं की माणूस फोनशिवाय कसा राहील, आणि ती फासिनेच्या टपरीवर गेली. फासिने छपरावरच्या, उन्हावर चालणाऱ्या काचेच्या पाटीवर अख्ख्या वस्तीचे फोन चार्ज करतो.

"बाल्लाकाकाचा फोन?"

"आहे ना. सोमवारी सकाळी ठेवून गेला, म्हणाला संध्याकाळी घेतो." फासिनेने बारक्या काळ्या फोनवरची धूळ शर्टाला पुसली. "मेलेल्याचा फोन कुणाला द्यायचा ते मला कुणी सांगितलं नाही. वाजला की मी बाहेर जाऊन उभा राहतो. तू त्राओरे, तूच ने बाई."

संध्याकाळी घेतो, असं म्हणणारा माणूस मरायला गेलेला नसतो.

रेंज फक्त टेकाडावर. भर उन्हात सारान वर चढली. फोनमध्ये एकच नंबर पुन्हा पुन्हा होता, रोजचा, शेवटचा रविवारचा. वर लिहिलेलं: आई, तिनीकोरो.

तिने बटण दाबलं.

"बाल्ला? का रे एवढे दिवस गप्प?" म्हाताऱ्या बाईचा आवाज.

सारानला खरं सांगावं लागलं. म्हातारीने पलीकडे दुआ पुटपुटली.

"तुम्ही बाल्लाकाकाच्या आई?"

"नाही गं. माझ्या लेकाचा तो जिवलग. एका ताटात जेवायचे आणि एकमेकांना शिव्या द्यायचे. लेक खाणीवर गेला, पाच वर्षं पत्ता नाही. बाल्ला त्याला शोधत माळामाळाने हिंडत होता. रविवारी म्हणाला, आई, सगळं माहीत असलेला माणूस सापडलाय. सोमवारी त्याला एकट्याला गाठतो, लोकांसमोर लाजवत नाही. मी नाव विचारलं, तर हसला. म्हणाला, नाव ऐकलंस तर तुलाही हसू येईल."

सारानने फोन दोन्ही हातांनी धरला.

"आजी, तुमच्या मुलाचं नाव काय?"

"सियाका," म्हातारी म्हणाली. "सियाका कोंदे."

६

शुक्रवारी नमाज झाला. गवती छपराखाली जागा उरली नाही. मावशी खाली मान घालून बसली होती, तळवे मांडीवर उपडे. बायकांच्या घोळक्यात मागे एक परकी म्हातारी तोंडावरून पदर घेऊन बसली होती. सकाळी भाड्याच्या मोटारसायकलवरून आली होती, तिची वहाण अजून लाल धुळीने माखलेली.

"कुणाला काही दाखवायचंय?" बाकारीने विचारलं.

"मला," सारान उठली.

"पोरी, खाली बस," कुणीतरी म्हणालं.

"मी त्राओरे आहे, मला एका कोंदेशी बोलायचंय. त्राओरेला कोंदेपुढे गप्प बसवायची रीत कधीपासून आली?"

दोनचार म्हातारे हसले. बाकारीने हात हलवला. बोल.

सारान पुढे आली. तिने चपलांबद्दल सांगितलं, बक्कलांबद्दल सांगितलं. पावट्यांवर आयुष्य काढलेली माणसं मान डोलवू लागली. आपल्याला हे कसं दिसलं नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं. मग ती लांसिनेकडे वळली. ती नुसतीच बघत राहिली. लांसिनेने कपाळ पुसलं, इकडेतिकडे पाहिलं, शेवटी उठला.

"बोकड देतो," तो म्हणाला आणि सोमवारी पाहिलेलं सगळं सांगितलं.

"बाल्लाकाका थट्टा करत होता आणि समोरचा मुका होता," सारान म्हणाली. "इथे बाल्लाकाकाचा थट्टेचा माणूस एकच. सियाका कोंदे, त्या दिवशी तू कबरीत का उतरला नाहीस?"

एकेका म्हाताऱ्याला तेच, त्याच वेळी आठवत होतं.

"मला दुःख झालं होतं," सियाका म्हणाला.

"गाव कुठलं तुझं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तिनीकोरो."

"आईचं नाव?"

"सोना केइता. कार्डावर लिहिलंय." त्याने खिशातून जुनं, कडा झिजलेलं ओळखपत्र काढलं आणि बाकारीपुढे धरलं. फोटो ओलीने कधीच पुसून गेला होता.

मागची म्हातारी उठली. लोकांनी वाट दिली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने पदर मागे घेतला. ती कार्डाकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"सोना केइता मी," ती म्हणाली. "हे माझ्या लेकाचं आहे. तू कोण?"

तो पळेल असं सारानला वाटलं होतं. राखणदार तयारही होते. पण तो खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा.

"फाया," तो म्हणाला. "जंगलाकडचा. कॉफीच्या बागेत राबायचो. सियाका आणि मी एका बोगद्यात होतो. छत खाली आलं. त्याचे पाय अडकले. त्याने कार्ड दिलं. म्हणाला, आईला नेऊन दे."

"मग?" म्हातारीने विचारलं.

"मी निघालो होतो, आई. वाटेत एका माळावर काम मागितलं. फाया म्हटलं तर कुणी वर पाहिलं नाही. दुसऱ्या माळावर कार्ड दाखवलं. लोकांनी बसायला चटई दिली." त्याने मान वर केली नाही. "मला वाटलं, एक महिना. मग वाटलं, एक वर्ष."

"आणि बाल्ला?"

"त्याला पहिल्या दिवशीच कळलं. तीन आठवडे तो मला कोंदे म्हणून हसत राहिला. मी सांगेन म्हणून वाट बघत होता. सोमवारी म्हणाला, चल, आईकडे जाऊ, काय झालं ते तूच तिला सांग. रागावला नव्हता. रागावला असता तर... नुसता हसत होता. मी ढकललं."

"आणि दोर?" बाकारीने विचारलं.

फायाने न्यालेनकडे पाहिलं. "माझ्याकडचा दोर घेतला असता तर माझ्याकडे बोट आलं असतं."

मावशीने पहिल्यांदा मान वर केली. पाच वर्षं ती त्याला सोळा माणूस खोलीतून रोज वर ओढत होती.

म्हातारीने वाकून त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं.

"तू निघालास तेव्हा तो जिवंत होता का?"

फायाने समोरची माती मुठीत घेतली.

"हाक मारत होता," तो म्हणाला.

राखणदारांनी त्याला शहराच्या पोलिसांकडे न्यायला गाडीत बसवलं. बाकारीने दोर स्वतःच्या हाताने न्यालेनमावशीच्या खांद्यावर ठेवला आणि मोटारीचं नाव या छपराखाली पुन्हा काढायचं नाही, असं सांगितलं. सारानला वाटलं होतं की लोक आनंदाने ओरडतील, तिला उचलून घेतील. कुणी तिच्याजवळ आलं नाही. पाण्याला जाताना तिने सवयीने एका ओळखीच्या खोदणाऱ्याला त्याच्या आडनावावरून चिडवत हाक मारली. तो हसला नाही. त्याने नजर चुकवली आणि वाट बदलली.

शनिवारी सकाळी माळावर एकोणीस झोपड्या रिकाम्या होत्या. चुली गार, चटया गेलेल्या. कोण गेलं असं विचारलं तर नावं सांगता येत होती, पण ती कुणाची होती ते आता कुणालाच सांगता येईना.

शहराच्या गाडीला वेळ होता, म्हणून सारान मावशीबरोबर सात नंबरवर गेली. टोळीत उरलेले चौघे कुणाकडे न बघता एकामागून एक उतरले होते. सहा बायकांनी दोर हातात घेतला. थोड्या वेळाने तो खालून हलला.

मावशीने ओंडक्यावर वाकून खाली हाक मारली. एकवीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"कोण आहे रे?"

खालून नाव आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "ओढ."

मावशीने मनगटाला दोराचा वेढा घेतला आणि ओढायला सुरुवात केली.